वाघसड्याचं चेंडूघर

उमेदीची वर्षं मी गवत वाढवण्यात घालवली, असं सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटतं हा माणूस गुरं राखत होता. मग खुलासा करावा लागतो. गवत गुरांसाठी नव्हतं, फुटबॉलसाठी होतं. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "म्हणजे मुंबईला होतात?" मुंबईला नव्हतो आणि गोव्यालाही नव्हतो. मालवणपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर वाघसडा नावाचं गाव आहे, तिथे होतो. तेव्हा आमचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे आणि वाघसड्याला एसटीसुद्धा येत नसे. अशा आडगावी मुंबईच्या एका कापड गिरणीच्या फुटबॉल क्लबाने पोरांना खेळ शिकवायची शाळा काढली होती, राहण्या-जेवणासकट. गावाने तिचं नाव चेंडूघर ठेवलं. मी त्या चेंडूघराचा व्यवस्थापक, भांडारी, माळी आणि स्वयंपाकीण माहेरी गेली की स्वयंपाकीही. संपादकांनी 'नोकरीतले गमतीदार अनुभव' मागितले आहेत. गमती आहेत, त्या लिहितो. पण शेवट गमतीचा नाही हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर दिवाळीचा फराळ कडू केला म्हणून माझ्या नावाने बोटं मोडाल.

आधी हा धंदा काय होता ते सांगायला हवं. त्या काळी मुंबईतल्या मोठ्या गिरण्यांचे स्वतःचे फुटबॉल संघ असत आणि त्यांच्यात कापडापेक्षा चषकांची चुरस जास्त असे. खेळाडू कागदोपत्री गिरणीचा कामगार. साचे, म्हणजे माग, कुठल्या खात्यात आहेत हे त्याला ठाऊक असायचंच असं नाही. तो सकाळी सराव करी, संध्याकाळी सामना खेळे आणि महिनाअखेरीस विणकराचा पगार घेई. पाय चालत तोवर पगार चाले. हे खेळाडू बहुतेक गोव्याचे आणि आमच्या किनाऱ्यावरचे ख्रिस्ती पोरगे, मधूनच आमच्यातला एखादा. पुढे गोव्याची सरहद्द बंद झाली, तिकडून पोरं येणं अवघड झालं, तेव्हा गिरणीच्या थोरल्या मालकांनी डोकं लढवलं. तयार खेळाडू मिळवण्यासाठी इतर गिरण्यांशी झोंबाझोंबी करण्यापेक्षा कोवळी पोरं उचलायची, काही वर्षं घडवायची आणि मिसरूड फुटलं की मुंबईला न्यायची.

शिकवायला त्यांनी जुझेला पाठवलं. जुझे मूळचा वाघसड्याचाच, तिथल्या ख्रिस्तीवाडीतला. बरीच वर्षं गिरणीकडून डाव्या बगलेला खेळला, एका सामन्यात गुडघा गेला आणि गिरणीने त्याला घरी बसवण्याऐवजी घराजवळ बसवलं. उंच, सावळा माणूस. चालताना डावा पाय ओढायचा, पण चेंडू समोर आला की तोच पाय असा वळायचा की बघणाऱ्याला लंगडणं खोटं वाटावं. पोरं त्याला जुझेबाब म्हणत. मी नुसतं जुझे म्हणायचो आणि तो मला आडनावाने परबानू. आम्ही एकाच शाळेत होतो. तो दुसरीत थांबला आणि मी मॅट्रिकपर्यंत गेलो, म्हणून भांडाराच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या आणि अक्कल त्याच्याकडे राहिली, असं तो चारचौघांत सांगे.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. पावसाळ्यात त्यावर पाणी तुंबतं आणि उन्हाळ्यात अनवाणी पाय ठेववत नाही. त्यावर मैदान करायचं म्हणजे टकलावर केस लावण्यातला प्रकार. जागा देवस्थानची, पडीक. ती गावाने दिली, पण देवीचा कौल घेऊन. कौल म्हणजे काय ते घाटावरच्या वाचकांसाठी सांगतो. गुरव देवीच्या अंगाला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या लावतो, गावचा मानकरी गाऱ्हाणं घालतो, म्हणजे देवीसमोर प्रश्न मांडतो, आणि सगळे बघत बसतात. उजवी कळी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मैदानासाठी उजवी पडली, तीही गाऱ्हाणं पुरं व्हायच्या आत. आमचे पहिले मानकरी बाबल गावकार म्हणाले, "देवीकच खेळाचो शौक दिसता."

मग तळ्याचा गाळ टोपल्यांनी सड्यावर नेला. पहिल्याच पावसात निम्मी माती वाहून समुद्राला मिळाली. भोवती चिऱ्यांचा बांध घातला आणि पुन्हा माती टाकली. नारळीच्या बागांतून हरळी आणून बायांनी ती भात लावतात तशी ओळीने लावली. पाऊस सरला की विहिरीवर लाट, म्हणजे पाणी उपसायचा लांब वासा, बांधून पाणी द्यायचं, ते शेवाळी पाणी खांद्यावरून नेताना माझा खांदा कायमचा खाली आला तो आलाच. गवत कापायला यंत्र नव्हतं. बाया विळे घेऊन एका रांगेत बसत आणि या गोलापासून त्या गोलापर्यंत सरकत जात, सासवांची उणीदुणी काढत. तिसऱ्या हिवाळ्यात मैदान धरलं. मालवणहून माणसं नुसतं ते बघायला यायची. तांबड्या सड्यावर तेवढाच एक हिरवा चौकोन. मी तर सकाळी उठून आधी त्याच्याकडे बघायचो आणि मग देवाकडे.

गोलाच्या जाळ्या मुंबईहून येणार होत्या, त्या वाटेतच कुठे तरी राहिल्या. मी मालवणला जाऊन एका रापणकाराकडून मासे ओढायचं जुनं जाळं आणलं आणि तेच कापून बांधलं. कितीही धुतलं तरी त्याचा वास जाईना. गावातली यच्चयावत मांजरं गोलात येऊन बसू लागली. गोलरक्षक इनास बिचारा, त्याच्या पायांत सतत दोन-तीन मांजरं. समोरचा खेळाडू मारायला आला की हा आधी मांजर उचलायचा आणि मग चेंडू. जुझे ओरडायचा, "इनास, मेल्या, सामनो खेळतंस काय मासळी इकतंस?"

चेंडू तेव्हा चामड्याचा, आत रबराचा ब्लॅडर आणि वर बुटासारखी नाडी. ब्लॅडर काट्याने फुटे आणि नवा मिळता मिळत नसे. त्यासाठी बांद्याहून एक गृहस्थ यायचा. नाव विचारलं की दर खेपेस वेगळं सांगायचा. पलीकडून, गोव्यातून, माल आणायचा, हे मी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. किडकिडीत माणूस, पण आमच्याकडे येताना त्याला भलंमोठं पोट असे. सदरा वर केला की पोटाला बांधलेला फुगवलेला ब्लॅडर निघायचा.

"अरे, फुगवून कित्याक आणतंस?" मी एकदा विचारलं.

"रिकामो गावलो तर चोरीचो माल," तो म्हणाला. "फुगवलेलो गावलो तर माझा पोट."

पोरं निवडण्याचं काम जुझेचं. देवगडकडून एक बाप आपल्या मुलाला बखोटीला धरून घेऊन आला. मुलगा एवढासा, गुडघ्यावर खपल्या. बाप म्हणाला, "मास्तरानू, ह्याका ठेवन घ्या. घरात दिसात त्येका लाथ मारता. काल घागर फोडल्यान."

जुझे म्हणाला, "लाथ मारणारो माका नको. पायान गोंजारता तो होयो." आणि त्याने मुलाच्या पुढ्यात चेंडू सोडला. मुलाने तो थांबवला. मारला नाही, नुसता तळव्याखाली घेऊन उभा राहिला आणि आमच्याकडे बघत बसला. जुझे माझ्याकडे वळून म्हणाला, "ह्येचा ताट मांडूक सांगा." तो पांडू. चेंडूघरातला सगळ्यात लहान आणि सगळ्यात तोंडाळ. दिवसभर त्याचे प्रश्न चालत. असंच का मारायचं, डाव्यानेच का, पाऊस आला तर काय. जुझे प्रत्येक प्रश्नाला थांबून उत्तर द्यायचा. पोरांना खोटं सांगायचं नाही आणि 'गप बस' म्हणायचं नाही, हे त्याचे दोन नियम होते.

त्याची शिकवायची पद्धत साधी होती. पहिलं वर्षभर पोरांनी अनवाणी खेळायचं. "पायांक कान आसतत. आधी तेंका आयकूक शिकवा, मगे टोपी घाला," असं तो म्हणे. टोपी म्हणजे बूट. मुंबईत तेव्हा बुटाशिवाय मोठ्या स्पर्धेत घेईनासे झाले होते, म्हणून दुसऱ्या वर्षापासून बूट. ते गिरणीकडून येत. खारी हवा चामड्याला खाते, म्हणून होडीला लावायचं माशाचं तेल चोळून ते आम्ही पडवीत वाळत घालायचो. मांजरांची तिथेही गर्दी.

अशी पाचेक वर्षं गेली. मी सुखात होतो, हे तेव्हा कळत नव्हतं. मग थोरले मालक वारले. कारभार त्यांच्या पुतण्याकडे, म्हणजे धाकट्या शेटकडे, गेला आणि त्याने पहिला प्रश्न विचारला की गिरणी मुंबईत आहे, तर गवत मालवणात कशाला? क्लबाचे सेक्रेटरी दळवीसाहेब आमच्या बाजूचे. खेळावर जीव असलेला माणूस. त्यांनी पुतण्याची समजूत घातली आणि आम्हाला निरोप धाडला, "समितीचे दोघे घेऊन मी येतो. मैदान, पोरं, राहायची सोय, सगळं नीट दाखवा. एक सामना ठेवा. पसंत पडलं तर पक्की इमारत आणि पुढच्या पाच वर्षांची हमी. नाही पडलं तर चेंडूघर बंद." तारीख त्यांनीच ठरवली, मार्गशीर्षातली. बोटीची तिकिटंही काढली.

मार्गशीर्ष म्हणजे आमच्या मैदानाचा सगळ्यात देखणा महिना. पाऊस सरलेला, ऊन मवाळ, हरळी दाट. मी आणि बाया हात धुऊन त्याच्या मागे लागलो. चिऱ्यांचा बांध चुन्याने रंगवला. झोपायच्या खोल्या शेणाने सारवल्या. जाळी उकळत्या पाण्यात धुतली, तरी दोन मांजरं हटली नाहीत. जुझे पोरांना सकाळ-संध्याकाळ पळवत होता. मालवणच्या थोराड मुलांचा एक संघ सामन्यासाठी ठरवला. सगळं जागच्या जागी होतं आणि त्याच आठवड्यात देवळात ढोल वाजला.

गावपळण. हा आमच्या बाजूच्या काही गावांचा रिवाज आहे. काही वर्षांनी एकदा देवी कौल देते आणि सगळं गाव वेशीबाहेर जातं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, पाळण्यातलं पोर, अंथरुणातला म्हातारा, सगळे. तीन रात्री गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कोणाचं पाऊल पडत नाही. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान असा भेद त्यात नाही. जो गावचा तो बाहेर. वेशीपलीकडे झावळ्यांची खोपटी बांधून गाव राहतं आणि पुन्हा उजवा कौल झाला की परत येतं. का, ते मला विचारू नका. माझ्या आज्यालाही ठाऊक नव्हतं. गाव तीन दिवस गावाच्या मालकिणीला मोकळं करून द्यायचं, एवढंच आम्ही समजतो.

आणि पळणीचे दिवस नेमके साहेबांच्या तारखेवर आले.

मी आणि जुझे बाबल गावकारांकडे धावलो. मी म्हटलं, "बाबलकाकानू, मुंबैचे सायब येवचे आसत. आठ दिवस फुडे ढकलूक येवचा नाय?"

"माका कित्याक इचारतंस? गाव माझो काय?" ते म्हणाले. "जेचो गाव, तेका इचार."

देवळात गाऱ्हाणं घातलं. डावी कळी पडली. मग मी हात जोडून म्हटलं, निदान मैदानापुरती मोकळीक मागा. तेवढे पाहुणे, तेवढीच पोरं, सामना संपला की बाहेर. बाबलकाकांनी पुन्हा गाऱ्हाणं घातलं. डावी कळी पुन्हा पडली, टपकन. बाबलकाका उठले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बस झाला, झिला. देवीक तिसऱ्यांदा नाय म्हणूक लावू नये."

मालवणला जाऊन मुंबईला तार केली. उत्तर आलं नाही, कारण साहेब तोवर बोटीवर चढले होते.

घाटावरचा एखादा मित्र हे ऐकून म्हणतो, अहो, गपचूप गेला असतात तर कोण बघणार होतं? खरं सांगतो, हा विचार आमच्या कोणाच्या डोक्यात आला नाही. जायचं नाही म्हणजे जायचं नाही. उलट पळणीच्या सकाळी जी धांदल उडाली तीत चेंडूघरातल्या पोरांनीही शेजाऱ्यांची कोंबडी, करंडे, लोणच्याच्या बरण्या उचलल्या. ज्याचे हात रिकामे दिसले त्याच्या हातात बायांनी काही तरी दिलंच. वेशीवरचा व्हाळ, म्हणजे ओढा, ओलांडून पलीकडे गेल्यावर इनासने विचारलं, "बूट कोणी हाडल्यान?" कोणीच आणले नव्हते. तेल लावून पडवीत वाळत घातलेले बूट तिथेच राहिले होते. हाकेच्या अंतरावर. आणि आता तीन रात्री ते मुंबईतल्या बुटांइतकेच लांब होते. जुझे खाली बसला आणि हसत सुटला. मला रडू येत होतं.

"परबानू, रडान काय होवचा?" तो म्हणाला. "मैदान नाय तर मैदान करूया."

व्हाळापलीकडची जमीन शेजारच्या गावच्या विठू घाडीची. भात कापून झालेलं होतं, खुंट तेवढे उभे. विठूने दोन कुणगे दिले, म्हणजे शेताचे दोन तुकडे. पण त्या दोहोंच्या मधून मेर होती, गुडघ्याएवढ्या उंचीचा मातीचा बांध. ती काढू का, असं मी विचारलं. "कुणगे घेवा, नाचा, काय होया तां करा," विठू म्हणाला. "मेर मोडूक देवचंय नाय. माझ्या आज्यान घातलेली आसा." त्याचंही बरोबर होतं. कोकणात मेरीवरून डोकी फुटतात.

मग सगळं गाव कामाला लागलं. खोपटी बांधायची सोडून बायांनी कुणग्यांतले खुंट कापले, पुरुषांनी खळं करतात तशी जमीन चोपण्यांनी चोपली. पोफळीच्या सोटांचे गोल उभे केले. चुना गावात राहिला होता, म्हणून चुलींतली राख आणून रेषा मारल्या. मध्यरेषा मारायची गरज नव्हती, ती विठूच्या आज्याने घालूनच ठेवली होती. खरं सांगायचं तर मी तेव्हा खुशीत आलो होतो. इतक्या थोड्या वेळात इतकं सपाट काम माझ्या हातून पुन्हा झालं नाही. जुझे पोरांना मेर समजावत होता. चेंडू सरपटत दिला तर मेरीवर आपटणार, म्हणून पायाच्या पुढच्या भागाने अलगद उचलून पलीकडे ठेवायचा. पांडूने विचारलं, "आणि उचलताना मीच पडलंय तर?" जुझे म्हणाला, "पलीकडेन पड."

तिसऱ्या दिवशी साहेब आले ते बैलगाडीतून, अंग अवघडून. समोर झावळ्यांची वस्ती, धूर, बांधलेली गुरं आणि हुंदडणारी पोरं बघून समितीतले दोघे गाडीतून उतरेनात. मी सगळं समजावून सांगितलं. दळवीसाहेबांनी जुझेला बाजूला घेतलं.

"अरे, तू तर ख्रिश्चन. तुला काय आहे या सगळ्याचं? तू चल आणि आम्हाला मैदान दाखव."

जुझे म्हणाला, "सायबानू, आज मी आत गेलंय तर उद्या खंयच्या गावाचो म्हणान सांगू?"

साहेब चांगले माणूस. हसले, त्याचा खांदा थोपटला आणि म्हणाले, ठीक आहे, इथेच बघू. कोंबडी-वडे जेवले, दोनदा मागून घेतले. मग सामना झाला.

मी त्या मैदानावर आणि बाहेर बरेच सामने पाहिले, पण तसा नाही पाहिला. मालवणची मुलं वयाने मोठी, पायांत बूट. चोपलेल्या शेतात त्यांचे बूट रुतत होते आणि मेरीशी आले की ती थबकत होती. आमची पोरं अनवाणी. त्यांना जमीन पायांनी ऐकू येत होती, असं जुझेच्या भाषेत म्हणावं लागेल. मेरीजवळ आलं की चेंडू टुणकन वर, पोर त्याच्या मागे पलीकडे आणि चेंडू पुन्हा पायात. थोड्या वेळाने त्यांनी मेरीचाच खेळ केला. मुद्दाम तिच्यावर आपटून चेंडू स्वतःकडे परत घ्यायचा आणि समोरचा चुकला की निघायचं. पांडू तर मेरीवरूनच धावत होता, एका बाजूने दुसऱ्या बाजूला चेंडू टाकत. सगळं गाव ओरडत होतं. म्हाताऱ्या बाया टोपल्या बडवत होत्या. समितीतले ते दोघे, जे गाडीतून उतरत नव्हते, ते टाळ्या पिटत उभे होते. जुझेचे मात्र डोळे भरून आले होते, आणि ते पुसायचं त्याला भान नव्हतं.

आम्ही किती गोलांनी जिंकलो ते आता सांगत नाही. आम्ही जिंकलो, एवढं पुरे.

सामना संपल्यावर मी दळवीसाहेबांना म्हटलं, "साहेब, मैदान आत जाऊन नाही तर निदान वेशीवरून बघा. दिसतं." चढावर नेलं. तिथून सड्याची कड दिसते आणि पलीकडे हिरवी पट्टी. तीन दिवस कोणाचा पाय लागला नव्हता, उतरत्या उन्हात ते कधी नव्हे इतकं हिरवं दिसत होतं. माती कुठून आणली, हरळी कशी लावली, सांगू लागलो. साहेब म्हणाले, "छान आहे हं," आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. त्यांना मालवणला मुक्काम करून सकाळची बोट धरायची होती.

खाली आल्यावर त्यांनी जुझेला मिठी मारली. "जुझे, तू जादूगार आहेस," ते म्हणाले. "मी धाकट्या शेटना हेच सांगणार आहे. ना मैदान, ना बूट, मध्ये एवढा बांध, आणि काय खेळली पोरं! आम्ही तिकडे उगाच इमारतीचे नकाशे काढत बसलो होतो. यांना काही म्हणजे काही लागत नाही. ही पोरं कुठेही तयार होतील, शेतात, वाळूत. मग हा वर्षभराचा खटाटोप कशाला? मोठी सात पोरं मी आजच पसंत केली, मुंबईला घेऊन जाऊ. पुढची आपण अशीच येऊन बघत जाऊ दर वर्षी. काय?"

समितीतल्या दोघांनी माना डोलावल्या. ही पोरं शेतात तयार झाली नाहीत, साहेब. ती त्या हिरव्या पट्टीवर तयार झाली, रोज, पाच वर्षं, या लंगड्या माणसाच्या हाताखाली, म्हणून त्यांना शेतात खेळता आलं. हे मी म्हणालो, नाही असं नाही. पण चाचरत म्हणालो आणि साहेब तोवर गाडीत बसत होते. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणतात. आमच्या पोरांना वाकड्या अंगणात नाचता आलं, म्हणून सरळ अंगण काढून घेतलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. सात पोरं मुंबईला गेली, इनास त्यांच्यात होता. धाकट्या शेटना कागदावरचे विणकर नको होते, त्यामुळे बहुतेकांना खरोखरच साच्यावर उभं केलं. दोघे पहिल्या संघात पोचले. काही वर्षांनी संघच मोडला. दर वर्षी येऊन बघणार होते, ते कोणी आलं नाही. मी एका बागाईतदाराकडे कामाला लागलो. मैदानाचा बांध दोन पावसाळ्यांत फुटला, पण माती बरीचशी टिकली होती, म्हणून देवस्थानने ती जागा हापूसच्या कलमांना दिली. कलमं जोमाने वाढली. लोक म्हणतात तिथली फळं फार गोड. मी चाखलेली नाहीत. जुझे भावाच्या होडीवर जाऊ लागला. पुन्हा त्याने चेंडूला पाय लावल्याचं मी पाहिलं नाही. तो गेला तेव्हा त्याच्या मयताला गिरणीकडून कोणी आलं नव्हतं, कोणी कळवलंही नव्हतं. दोष कोणाला द्यावा हे मला अजून समजत नाही. देवीशी मी वर्षभर बोललो नाही, पण तिने तरी काय केलं? ती ठरल्या वेळी आपलं गाव मागत होती. दळवीसाहेबांचं तर आमच्यावर प्रेम होतं. सगळे चांगले वागले आणि सगळं गेलं.

राहून राहून आठवते ती मात्र त्या दिवसाची संध्याकाळ. साहेबांची गाडी वळणाआड गेली. मुंबईला जायची सात पोरं खोपटोखोपटी उड्या मारत सांगत सुटली होती. उरलेली, लहान, मेरीवर ओळीने बसली होती, जिंकल्याच्या आनंदात, पायांवरची राख झाडत. त्यांना अजून काही ठाऊक नव्हतं. मी जुझेला म्हटलं, "आज नको, उद्या सांग. काय तरी सांग, गिरणी बुडाली म्हणान सांग." त्याने नकारार्थी मान हलवली आणि पोरांसमोर जाऊन उभा राहिला.

"आज तुमी बरे खेळल्यात रे," तो म्हणाला. "माझ्या जल्मात मी असो खेळ बघूक नाय."

पोरं एकमेकांना ढुसण्या देऊन हसली.

"सायब खूश झाले. तेंका वाटला, तुमका शिकवची गरज नाय. म्हणान आजपासून चेंडूघर बंद. पळण संपली काय आपापल्या घराक जावा."

जुझेबाब थट्टा करतोय असं काही पोरांना वाटलं. पांडू मेरीवरून खाली उतरला आणि त्याच्या समोर येऊन उभा राहिला.

"जुझेबाब, मगे आमी वायट खेळूक होया होता?"

मला वाटलं, आज पहिल्यांदा जुझे 'गप बस' म्हणणार. मी मनातून देवीला हात जोडले, की याला काही तरी दुसरं सुचू दे.

"होय रे बाबा," जुझे म्हणाला. "वायट खेळूक होया होता."